रंभेची भेट

जादूगार विश्वंभर केळुसकर नऊ वर्षं स्टेजवर रंभा वाघिणीला गायब करत होते. "ती माझी लेकच," असं ते मुलाखतींत सांगायचे. म्हणूनच, प्राण्यांच्या मनातलं माणसाच्या भाषेत सांगणारं यंत्र, ती आता राहत होती त्या प्राण्यांच्या आश्रमात बसवल्याचं कळताच ते हौसेने भेटायला गेले.

"ओळखेल ना ती मला?" त्यांनी तिथल्या डॉक्टर शर्वरीला विचारलं.

"हाक मारून बघा."

"रंभे," ते लाडाने म्हणाले.

उन्हात पसरलेली म्हातारी वाघीण धडपडत उठली. कोपऱ्यात जाऊन तिने पाय पोटाशी घेतले, शेपूट आवळली आणि अंग एवढंसं केलं. स्टेजवर गायब होताना जादूच्या पेटीच्या चोरकप्प्यात ती अशीच मावायची.

यंत्र बोललं, "मी लहान झाले. अजून होते. टोचू नकोस."

शर्वरी त्यांच्याकडे बघतच राहिली. त्या टोकदार सळईबद्दल केळुसकरांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं. पण आपला आवाज ऐकून ती आणखी आक्रसेल, हे त्यांच्या लक्षात आलं. मान खाली घालून, पाऊलही न वाजवता, ते तिथून निघाले.