ओळखीचं पाणी

सुगंधा आठवडाभराने पुण्याच्या घरी परतली, तेव्हा काचेच्या टाकीतलं तपकिरी प्रवाळ पांढरंफटक पडलं होतं. मालवणच्या समुद्रात जिवंत सापडलेलं ते शेवटचं प्रवाळ तुकडे करून घराघरांत सांभाळायला दिलं होतं. समुद्र निवला की सगळे तुकडे परत न्यायचे होते.

तिने टाकीवरचा आकडा पाहिला. तिने सव्वीसवर ठेवलेलं तापमान एकतीस झालं होतं.

"बाबा, याला हात कोणी लावला?"

"मीच," बाबल तांडेल म्हणाले. "पाणी बर्फासारखां लागत होतां. म्हटलंय, बिचाऱ्याक घरासारखां वाटांदे. आपल्या दर्याचां पाणी असांच असायचां गो."

"कधी?"

"माझी होडी होती तेवा. शेवटची वर्सां."

"बाबा, त्याच पाण्यात बाकीचं सगळं मेलं."

बाबलनी टाकीत हात बुडवला. पाणी अगदी ओळखीचं लागलं. त्या शेवटच्या वर्षांत होडीच्या काठावर बिचकत बसलेल्या पर्यटकांना ते दरवेळी हसत सांगायचे, "उतरा बिनधास्त, पाणी मस्त कोमट आहे! आणि खाली बघा, प्रवाळ कसं पांढरंशुभ्र दिसतंय!"