अंगठ्याचे सेकंद

शाळेच्या ओसरीत एक सतरंजी, दोन खुर्च्या, एक नादकाटा, एक स्टॉपवॉच, चौदा मुलं आणि एकोणीस मोठी माणसं होती. मुलं मोजून झाली होती. मोठ्यांपैकी अठरा झाली होती. राहिल्या होत्या फक्त विमलबाई.

काम सोपं होतं. नादकाटा तळहाताच्या कडेवर आपटायचा, त्याचा दांडा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा आणि थरथर जाणवायची थांबली की समोरच्यानं 'थांबलं' म्हणायचं. दहा सेकंदांच्या आत थांबलं, तर त्या माणसाला चिठ्ठी देऊन पाय आणि साखर तपासायला बीडला पाठवायचं. परवा इथून ऊसतोडीची टोळी निघणार होती. फडात तोडलेल्या उसाची टोकं पायात घुसतात. ज्याला पाय कळत नाही त्याला जखमही कळत नाही, आणि ती कळेपर्यंत कधी कधी पाय जातो.

चिठ्ठ्यांचं पुस्तक अजून कोरं होतं. मोजायला आलेली राजनंदिनी मात्र दुसऱ्याच गोष्टीनं हरखली होती. मुलांची सरासरी सतरा सेकंद आली होती, मोठ्यांची एकतीस. वय वाढतं तशी थरथरीची ही जाणीव मंदावते, असं तिच्या एमएस्सीच्या प्रत्येक पुस्तकात होतं. तिनं दुपारी कॉलेजातल्या सरांना फोन केला.

"सर, पुस्तकं चुकलीत."

"बरं," सर म्हणाले. "चहा घे आणि परत मोज."

तिनं चहा घेतला. परत मोजलं नाही. शोधनिबंधाचं नाव मात्र ठरवलं. त्यात 'असामान्य' हा शब्द दोनदा आला.

एक बारीक गोष्ट तिनं वहीच्या समासात लिहून ठेवली होती. मुलांना तिनं डोळे मिटायला लावले होते, मोठ्यांना नाही. आजोबांच्या वयाच्या माणसाला डोळे मिटा कसं म्हणायचं? समासात लिहिलं की चूक अर्धी होते, असा तिचा समज होता.

विमलबाईंनी चप्पल काढून पाय पुढं केला. बाकीची मंडळी चहासाठी रेंगाळली होती.

"मला चौतीस पडलेत," पासष्टीचे शहादेव म्हणाले. "बघू तुला किती पडतेत."

"तुमी चौथीत दोनदा बसलाव, भाऊ. इथं पास झालाव, लई झालं."

राजनंदिनीनं वय विचारलं, एकावन्न लिहिलं, नादकाटा अंगठ्यावर टेकवला आणि घड्याळ सुरू केलं. विमलबाई तिच्याकडं टक लावून बघत होत्या. दहा. वीस. तीस.

"थांबलं," विमलबाई म्हणाल्या.

बत्तीस सेकंद. राजनंदिनीनं आकडा लिहिला. मग तिच्या लक्षात आलं, की वय लिहिण्याच्या गडबडीत नादकाटा आपटायचाच राहिला होता.

"मावशी, हा वाजतच नव्हता."

"असं व्हय."

"मग थांबलं कशाला म्हणालात?"

विमलबाईंनी शहादेवांकडं पाहिलं. ते कपात बघत होते.

"तुमच्या भुवया वर गेल्या की थांबलं मनायचं, असं भाऊनं सगळ्यांला सांगितलंय. त्याच्या आधी मनलं की तुमचं तोंड उतरतंय. एवढ्या लांबून आलाव, कावून नाराज करायचं?"

राजनंदिनीनं भुवया खाली आणल्या. त्या आताही वर गेल्या होत्या, हे तिला कपाळाला हात लावल्यावर कळलं. एकोणीस माणसांच्या पायांचं म्हणून तिनं दिवसभर स्वतःच्याच भुवयांचं मोजमाप घेतलं होतं, आणि तेही सेकंदापर्यंत बिनचूक.

"सगळ्यांचं परत करावं लागेल," ती म्हणाली.

"मंजे माझे मार्क गेले," शहादेव म्हणाले.

"सगळ्यांचेच गेले, काका. माझेसुद्धा." ती विमलबाईंकडं वळली. "तुमच्यापासून सुरू करू. डोळे मिटा, मावशी."

विमलबाईंनी डोळे मिटले. राजनंदिनीनं नादकाटा जोरात आपटला. दांडा धरलेल्या तिच्या बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं. तिनं तो अंगठ्याच्या हाडावर टेकवला, दाबून धरला आणि घड्याळ सुरू केलं. चार. सात. बोटांना थरथर अजून कळत होती. अकरा.

"लावा की, मॅडम," विमलबाई म्हणाल्या. "कवाची डोळे मिटून बसलेय."

राजनंदिनीनं आधीचा आकडा खोडला आणि शेजारी लिहिलं: विमलबाई, वय एकावन्न, उजव्या पायाचा अंगठा, शून्य सेकंद.