पंचांचं जमंना

वडिलांच्या फुफ्फुसातल्या गाठीचा तिसरा रिपोर्ट घेऊन इंद्रजीत सोलापूरच्या लॅबमधून बाहेर आला. पायरीवर बसलेली आई धडपडत उठली.

"ह्यो डाक्टर काय म्हणला?"

"तिगांचं जमंना, आई. पयला म्हणतोय ह्यो प्रकार, दुसरा म्हणतोय त्यो. तिसऱ्याला नक्की सांगताच येईना."

आई डोळ्यांना पदर लावून हसली. "मग तोंड का पाडलंयस? गावात पंचांचं जमलं न्हाय, की मानूस सुटतोय."

तो काही बोलायच्या आत तिनं मंगळवेढ्याला फोन लावलाही. "अवो, उठा. दोन घास खाऊन घ्या. तुमाला काय बी झालेलं न्हाय."

पलीकडून वडिलांचं हसू ऐकू आलं.

इंद्रजीतनं तिन्ही रिपोर्ट घडी घालून खिशात कोंबले. डॉक्टरांचा वाद होता तो कॅन्सर कोणता, एवढ्यावरच.