नऊची जाहिरात

सकाळी नऊ वाजता फुरकानच्या अमरावतीच्या ऑफिसातून साड्यांच्या सेलची जाहिरात एकाच वेळी सगळ्या गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर गेली. 'आनंदाची बातमी! आनंदाची बातमी!' अशी तिची सुरुवात होती. दर्यापूरकडच्या एका गावात ती नेमकी माणिकबाईंच्या निधनाच्या मेसेजखाली जाऊन बसली. त्या पहाटेच गेल्या होत्या. ग्रुपचा अॅडमिन पुंजाराम त्यांचा पुतण्या. त्याने लगेच फुरकानचा नंबर काढून टाकला.

फुरकान तसाच मोटरसायकलवर निघाला. वाटेत आकांक्षाचा फोन आला. धंद्यात दोघांची भागी होती.

"पुंजारामभाऊनं काढलं म्हंजे त्या पट्ट्यातले सारेच काढतीन. अन् साड्यावाले अकोल्याचे शेटजी आज वर्षाच्या जाहिरातीचं पक्कं करनार हायेत. त्याईले गावं पाह्यजेत, आपलं तोंड नाई. माफीची पोस्ट टाकू का?"

"काहीच टाकू नोको," तो म्हणाला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी उपटून बांधावर टाकलेली होती. यंदा बोंडअळीने कोणाच्या हाती काही लागू दिलं नव्हतं. शेटजींचा दिवाळीचा माल तसाच गाठोड्यांत पडून होता, म्हणून तर सेल.

याच रस्त्याने तो लहानपणी अब्बांच्या ऑटोत बसून यायचा. टपावर भोंगा, अब्बांच्या हातात माईक. सर्कस असो, कुलर असो, डोळ्यांचं शिबिर असो, 'आनंदाची बातमी' ही सुरुवात अब्बांचीच. पण गावाच्या शिवेवर ऑटो थांबायचा. जो पहिला भेटेल त्याला अब्बा विचारायचे, "गावात ठीक हाय ना सारं?" कोणी गेलं असेल तर ते भोंग्याची वायर ओढून काढत, आणि ऑटो गावातून नुसता फटफटत जाई. ओट्यांवरची माणसं अब्बांकडे बघून हात जोडत. ती फटफट फुरकानला अजून ऐकू यायची.

पुढे दर्यापूरच्या सायबर कॅफेत बसून त्याने दुकानदारांसाठी ब्लॉग सुरू केला, तेव्हा पहिला लेख त्यावरच लिहिला. 'शिवेवर थांबा.' फेसबुकवर किंवा ग्रुपवर जाहिरात टाकायच्या आधी तिथे आज काय चाललं आहे ते बघा, एवढंच त्यात होतं. लोकांनी तो लेख इतका फिरवला की दुकानदार म्हणू लागले, "आमी वाचत कुठं बसू लेका, तूच टाक ना आमची जाहिरात." तिथून धंदा उभा राहिला. अब्बांच्या ओळखीने, बशीरभाईचा पोरगा म्हणून गावोगावचे अॅडमिन त्याला ग्रुपात घेत गेले. गावं वाढली, तसं रोज एकेक ग्रुप उघडून बघणं होईना. मग नऊची वेळ ठरली आणि जाहिरात टाकायचं काम कॉम्प्युटरकडे गेलं.

माणिकबाईंच्या अंगणात माणसं जमली होती. अब्बा त्याच्या आधीच पोचले होते. सरणाची लाकडं घेऊन आलेल्या टेम्पोपाशी ते उभे होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"ये," पुंजाराम म्हणाला. "आनंदाची बातमी सांगाले आला का?"

"राहू दे ना, पुंजा," शेजारचे नत्थुजी पुटपुटले. "पोरगं धावत आलं."

"चुकलं, भाऊ," फुरकान म्हणाला. "मी नाई टाकली. ते आपोआप जाते."

"तेच म्हनतो मी. तुया बापानं शिवेवर उभं राहून इचारलं असतं. तुया कॉम्प्युटरनं कोनाले इचारलं?"

पुंजाराम अब्बांकडे वळला. "बशीरभाई, तुमच्या तोंडाकडं पाहून घेतलं होतं याले. आता तुमीच सांगा, ठेवू का नोको?"

अब्बांनी 'ठेव' एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

"आज माह्या तोंडाकडं नोको पाहू, पुंजाराम," ते म्हणाले. "आज मयत हाय." मग मुलाला म्हणाले, "खडा क्या है? लकडी उतार."

त्याने लाकडं उतरवली. तिरडीला खांदा दिला. सगळं आटोपून तो गावाबाहेर आला तेव्हा आकांक्षाचे बरेच फोन येऊन गेले होते.

"शेटजी इचारून राहिले, उद्या नऊले जाहिरात जाईन ना?"

"उद्या नऊले काहीच जानार नाई. आधी एकेका अॅडमिनले फोन लावू. इचारू. मंगच टाकू."

"इतके फोन? दुपार होईन, फुरकान. थांबतीन का शेटजी?"

"मले नाई मालूम."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून गेले. कोणत्याच ग्रुपवर काही पडलं नाही. आकांक्षा आणि फुरकान समोरासमोर बसून फोन लावत होते. शेटजींनी 'कळवतो' म्हणून सांगितलं होतं, अजून कळवलेलं नव्हतं. पुंजारामच्या ग्रुपमध्ये फुरकानचा नंबर परत जोडला गेला नव्हता.

तेवढ्यात अंजनगाव सुर्जीकडच्या एका अॅडमिनचा मेसेज आला. त्या माणसाला फुरकान कधी भेटलेला नव्हता.

'आज तुमचं काहीच नाई आलं. बशीरभाई बरे हायेत ना?'