सारखी जमीन

कृषी संशोधन केंद्रातली केतकी वांग्याच्या चार वाणांची चाचणी लावायला दिग्रसजवळ बशीरचाचांच्या वावरात आली होती. कापूस हातचा गेल्यापासून गावाची आशा आता भाजीपाल्यावर होती. प्रत्येक वाण चार वेगवेगळ्या तुकड्यांत लावायचा होता. चारही तुकडे तिनं विहिरीजवळच्या काळ्या जमिनीत आखले आणि खुंट्या ठोकल्या.

चाचांनी विचारलं, "एखादा तुकडा त्या मुरमाड उतारावर काहून नाही घेत, बेटा?"

"जमीन सारखी नसली, तर फरक वाणाचा की मातीचा ते कळत नाही, चाचा. शिवाय तिथं झाडं मेली, तर आमचे आकडे बिघडतात."

चाचांनी एका खुंटीवर हात ठेवला. मग म्हणाले, "कापसाचं नवं बियाणं आलतं, तवाही असंच काळ्या वावरात लावून दाखवलं. आकडे चांगलेच आलते. मंग अख्ख्या गावानं थे मुरमाडात पेरलं. काळं वावर आमच्या गावात दोघाइचंच आहे."

केतकी खुंट्यांकडे वळली. मग तिनं दोन तुकड्यांच्या खुंट्या उपटल्या, टेप गुंडाळला आणि म्हणाली, "चला चाचा, गावातली सगळ्यात वाईट जमीन दाखवा."