न थांबणारा दगड

विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला मातीचा पोकळ लघुग्रह मिनलने वडिलांच्या हातात ठेवला. "पप्पा, माणसं याच्या पोटात राहणार. बाहेरच्या किरणांपासून आडोसाही होतो आणि हाच त्यांना मंगळाकडे नेतो. फक्त पृथ्वीजवळून जाताना बरोबर गाठायचा."

बुद्धरत्न पंधरा वर्षं कंपनीची बस चालवत होते. त्यांनी विचारलं, "आणि कुणाला उशीर झाला तर? जरा थांबत नाही का?"

"छे! मग पुढची खेप काही वर्षांनी. तुम्हीच म्हणायचात ना, एकासाठी थांबलं की चाळीस जणांना लेट मार्क लागतो?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. बुद्धरत्नांनी तो गोळा अलगद टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टची बस तळेगावच्या थांब्यावर आली. तिथून आता कुणीच चढत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा अजिंक्य आरशात पळत येताना दिसला, तरी वेळ झाली म्हणून त्यांनी इथूनच गाडी काढली होती. तो मोटारसायकल घेऊन मागोमाग निघाला, तो कंपनीपर्यंत पोचलाच नाही.

बुद्धरत्नांनी दार उघडलं आणि रोजच्यासारखी दोन मिनिटं गाडी उभी ठेवली. मागच्या चाळीस जणांपैकी एकानेही घड्याळाकडे पाहिलं नाही.