मोडलेला रॅम्प

‘शाळेत रॅम्प आम्हीच केला,’ असं नगराध्यक्षपदाच्या दोन्ही उमेदवारांच्या पत्रकांत छापलं होतं. रोहिणीने दोन्ही पत्रकं चुरगळली. “मग मत कोणालाच नको,” महेश म्हणाला, आणि तिलाही ते पटलं.

कारण रॅम्प कोणामुळे आहे, ते दोघांना पक्कं ठाऊक होतं. मागच्या निवडणुकीत तो लाकडी रॅम्प शाळेत एका दिवसापुरता आला होता, व्हीलचेअरवरच्या मतदारांसाठी. दुसऱ्या दिवशी टेम्पो सामान न्यायला आला, तेव्हा शाळेतल्या कौसल्यामावशींनी तो खिचडीच्या खोलीत दडवला आणि ‘मोडला’ म्हणून सांगितलं. तोवर महेश लेकीला रोज उचलून चार पायऱ्या चढवायचा. आता ओवी आपली खुर्ची आपणच ढकलत वर्गात जाते.

दुपारी मावशीच दारात उभ्या. “चार वाजले. तुम्ही दोघं मतदानाला आला नाहीत ते?”

“कोणाला द्यायचं, मावशी? दोघंही खोटारडे.”

“त्यातला कमी खोटारडा बघा. पण शाळेत मतदान होतं म्हणून तर रॅम्प येतो.”

रोहिणीने चुरगळलेली पत्रकं पुन्हा उलगडली आणि पहिल्यांदाच नीट वाचायला घेतली.

मावशींनी आवाज खाली आणला. “आज नवा आलाय. तोही मोडणार आहे. पोरीच्या संडासाच्या दोन पायऱ्या राहिल्यात ना.”

रोहिणीला अक्षरं दिसेनाशी झाली. महेश चपला घालता घालता म्हणाला, “मावशी, मोडायला मी येऊ?”